आगुंब्याच्या रानातील तीन रात्री

दक्षिण महाराष्ट्रातील जैन कुटुंबांना कर्नाटकाची यात्रा नवी नाही. श्रवणबेळगोळ, मूडबिद्री, कारकळ, वेणूर, धर्मस्थळ ही नावे घरातील लहान मुलांनाही पाठ असतात. कारकळची भगवान बाहुबलींची ४२ फुटी मूर्ती १४३२ सालची, वेणूरची ३५ फुटी मूर्ती १६०४ सालची, मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी १४३० सालची, हा तपशीलही पुष्कळांना तोंडपाठ असतो. परंतु ही यात्रा बहुधा बसमधून आणि धर्मशाळेतून धर्मशाळेत अशी होते. शिवमोग्ग्याकडील पठार आणि किनाऱ्याकडील तुळुनाड यांच्या मध्ये सह्याद्रीचे जे घनदाट रान आहे, ते यात्रेकरू गाडीच्या काचेतून पाहतो, पुष्कळदा झोपेतच ओलांडतो. तेथे थांबावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

गेल्या नाताळच्या सुट्टीत इचलकरंजीचे एक कापड-व्यापारी कुटुंब तेथे थांबले, तेही थोडेसे नाइलाजाने. हुमचा येथे पद्मावतीदेवीचे दर्शन घेऊन पुढे वरंगला जायचे होते. मध्ये तीन रात्री कोठेतरी काढायच्या होत्या आणि आगुंब्याच्या आसपासची मोजकी हॉटेले भरलेली होती. शेवटी एका सुपारी-बागायतदाराच्या घरातील दोन खोल्या मिळाल्या. भाडे माणशी दोन हजार रुपये, दोन्ही वेळच्या शाकाहारी जेवणासह. आरक्षण करताना यजमानांनी फोनवर एवढेच सांगितले होते, "आमच्या घरी सरकारी वीज नाही. फोनही लागत नाही. चालत असेल तरच या." कुटुंबप्रमुखांनी ते ऐकले, पण त्याचा अर्थ तेथे पोहोचेपर्यंत त्यांच्या ध्यानात आला नाही.

हुमच्यापासून रानापर्यंत

इचलकरंजीहून हुबळी-हावेरीमार्गे शिवमोग्गा आणि तेथून सुमारे ६० किलोमीटरवर हुमचा, अर्थात होंबुज. सांतर राजवंशाची ही जुनी राजधानी. चट्टलदेवीने १०७७ साली बांधविलेली पंचकूट बसदी येथे आजही उभी आहे. द्राविडी शैलीतील तिचे दगडी काम पाहण्यास अर्धा दिवस पुरत नाही. पद्मावतीदेवीच्या दर्शनाला मात्र बारा महिने रीघ असते. कुटुंबातील चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींनी तेथे दोन तास बसून जप केला. त्यांचे माहेर चिक्कोडीकडचे. त्यामुळे कानडी त्यांना मराठीइतकीच जवळची. पुढील तीन दिवस याचा फार उपयोग झाला.

हुमच्याहून तीर्थहळ्ळी गाठली की भूमीचे रूप बदलू लागते. भाताची खाचरे आटतात, सुपारीच्या बागा वाढतात आणि डोंगर जवळ येतात. आगुंबे समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेसहाशे मीटर उंचीवर, पण घाटाच्या अगदी कड्यावर. अरबी समुद्रावरून येणारे ढग प्रथम येथेच अडतात. म्हणून येथे वर्षाला सरासरी ७,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. इचलकरंजी-सांगलीकडे चांगल्या वर्षीही सहाशे-सातशे मिलीमीटर पडला तरी शेतकरी समाधान मानतो, म्हणजे हे प्रमाण दसपटीचे झाले. 'दक्षिणेची चेरापुंजी' हे बिरुद आगुंब्याला उगीच मिळालेले नाही.

या पावसावर जे सदाहरित रान पोसले आहे, ते २०१२ साली जागतिक वारसा म्हणून घोषित झालेल्या पश्चिम घाटाचाच भाग होय. शेकरू, धनेश, पहाटे माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर, आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे नागराज. पालापाचोळा गोळा करून अंड्यांसाठी घरटे बांधणारा हा एकमेव साप. २००५ पासून येथे त्याच्या अभ्यासासाठी संशोधन केंद्र आहे. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी ते स्थापन केले. गावकरी त्याला मारीत नाहीत. वाटेत दिसला तर थांबतात, त्याला जाऊ देतात आणि मग आपण जातात.

मुख्य रस्ता सोडून तीन किलोमीटर मातीच्या वाटेने आत गेल्यावर ते घर लागले. मंगळुरी कौलांचे, मध्ये चौक, चारी बाजूंना पडवी, मागे न्हाणीघर, पुढे सुपारी वाळविण्याचे विस्तीर्ण अंगण. वीज नसण्याचे कारण सोपे होते. वाट राखीव रानातून जाते, तारा ओढण्यास परवानगी सहज मिळत नाही, आणि मिळाली तरी प्रत्येक पावसाळ्यात झाडे पडून खांब कोसळणार. शेजारच्या वस्तीत तारा आहेत, पण जून ते सप्टेंबर त्या तारांत वीज किती दिवस असते हा निराळा प्रश्न.

ओढ्याची वीज

तरीही घरात दिवे होते. घरामागच्या टेकडीवर बारमाही ओढा आहे. तेथे दगडांचा लहानसा बांध घालून पाणी प्लास्टिकच्या नळीत घेतले आहे. नळी सुमारे पंचवीस मीटर उंचीवरून खाली येते आणि तिच्या तोंडातून सुटलेली धार एका वाटीवाटीच्या पात्यांच्या चाकावर आदळते. चाक फिरते, त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते आणि पाणी पुन्हा ओढ्यात जाते. असे लहान संच मलनाडातील शेकडो घरांत आहेत. 'पिको हायड्रो' हे इंग्रजी नावच तिकडे रूढ झाले आहे. दर सेकंदाला पाच लिटर पाणी पंचवीस मीटरवरून पडले, तर हिशेबाने बाराशे वॅट शक्ती मिळावयास हवी. घर्षण आणि यंत्रातील तूट वजा जाता हाती सहाशेच्या आसपास येतात. मार्चनंतर ओढा रोडावतो, तेव्हा छपरावरील सौरपट्ट्या आणि बॅटऱ्या काम करतात. पावसाळ्यात सूर्य नसतो, पण ओढा असतो. उन्हाळ्यात ओढा नसतो, पण सूर्य असतो. ही जोडी यजमानांनी जमविली आहे.

सहाशे वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला चौदा युनिट. आकडा ऐकून कुटुंबप्रमुखांना ते पुष्कळ वाटले; पण त्यातील मेख लवकरच उलगडली. ही वीज एकदम उचलता येत नाही. एका क्षणी सहाशे वॅटच. दिवे, पंखा, रेडिओ, फोनचे चार्जिंग एवढे सुखाने चालते. मिक्सर लावायचा तर पंखा बंद करावा लागतो. इस्त्री चालत नाही. गीझरचा तर प्रश्नच नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर शहरातील वीज ही उधारी आहे. आधी वापरावी, महिनाअखेर बिल यावे. येथे सारा रोखीचा व्यवहार. ओढ्याच्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट मिळत नाही.

फ्रिज नव्हता. त्यामुळे भिजवलेली कणीक उद्यासाठी ठेवणे नाही, सकाळची भाजी रात्री नाही. दूध आले की तापवायचे, उरले की विरजायचे. सूनबाईंना पहिल्या दिवशी याची अडचण वाटली. आजींना मात्र त्यात काही वेगळे दिसले नाही. शिळे खाऊ नये हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता, फ्रिज आल्यावर तो पाळणे कठीण झाले होते, एवढेच.

यजमानांच्या घरी भोजन साधे आणि सात्त्विक. न्याहारीला तांदळाची भाकरी, म्हणजे अक्की रोट्टी, आणि नीर दोसे. जेवणात भात, आमटी, नारळाच्या रसातील भाज्या. आपली मंडळी कंदमुळे घेत नाहीत हे त्यांना आधी कळविलेले होते आणि त्यांनी ते काटेकोरपणे सांभाळले. पहिल्या सकाळी दोशाबरोबर रानमध पुढे आला. आजींनी हात जोडून नकार दिला. यजमानांच्या वृद्ध मातोश्रींना क्षणभर वाईट वाटले. मग कारण कळताच त्या आत गेल्या आणि 'जोनी बेल्ला' घेऊन आल्या. मुलांनी चाखून पाहिले आणि एकदम ओळखले: ही तर आपली काकवी! कोल्हापूरच्या गुऱ्हाळातील आणि मलनाडातील काकवीत फरक तो काय?

न्हाणीघरात तांब्याचा मोठा हंडा चुलाण्यावर बसविलेला. जळण म्हणून सुपारीची वाळलेली सोले. आजी प्रत्येक ओंजळ चुलीत घालण्याआधी जमिनीवर हलकेच आपटून, निरखून मग आत सारीत. मातोश्रींनी विचारले, "हे कशासाठी अम्मा?" आजी म्हणाल्या, "एखादा जीव अडकलेला असेल तर निघून जावा." मातोश्री हसल्या. "आम्हीही आपटतो. पण आम्ही विंचवाच्या भीतीने." दोघी बराच वेळ हसत होत्या.

चाळीस वर्षांनी

घराला पिण्याचे पाणी निराळ्या झऱ्यावरून येते, नळीतून, उताराच्याच बळावर. पंप नाही. पडवीच्या टोकाशी ते चोवीस तास दगडी कुंडात पडत असते आणि कुंड भरून वाहिले की पाटाने बागेत जाते. पाणी इतके निर्मळ की नातवाने ओंजळीने प्यायला सुरुवात केली. आजींनी त्याला थांबविले आणि पिशवीतून आपले दुहेरी गाळणे काढले.

पाणी गाळून पिणे हा नियम आपल्या घराघरांत आहे. गाळलेले पाणी अठ्ठेचाळीस मिनिटेच वापरावे, उकळलेले चोवीस तास, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु या नियमाचा उत्तरार्ध शहरात जवळजवळ लोप पावला आहे. गाळण्यावर जे राहते, ती जिवाणी. ते गाळणे उलटे करून गाळलेल्या पाण्यानेच धुवावे आणि ते पाणी ज्या जलाशयातून आणले त्याच जलाशयात, तेही उंचावरून न फेकता, अलगद पोहोचवावे. गाळण्याचा हेतू आपल्या पोटाचे रक्षण एवढाच नाही. त्या सूक्ष्म जीवांना त्यांच्या घरी परत नेणे हा त्याचा खरा अर्धा भाग. विहिरीच्या काळात कडीच्या भांड्याने जिवाणी खाली सोडीत. नळ आले, टाक्या आल्या. पाणी कोठल्या नदीचे, कोठल्या टाकीचे हेच कळेनासे झाले. मग जिवाणी मोरीत जाऊ लागली.

आजी रोज सकाळी गाळणे धुऊन ते पाणी तांब्यात घेत आणि झऱ्याच्या वाटेने वर जात. चढ फार नव्हता, पण त्यांच्या गुडघ्यांसाठी पुरेसा होता. मुलगा म्हणाला, "आई, मी टाकून येतो." त्यांनी तांब्या दिला नाही. झऱ्यापाशी खाली बसून, तांब्याचे तोंड पाण्याला टेकवून त्यांनी तो रिता केला. परत येताना त्या एवढेच म्हणाल्या, "घरची विहीर बुजवली त्याला चाळीस वर्षे झाली. तेव्हापासून आज पहिल्यांदा नीट झाले."

घरची विहीर त्यांच्या यजमानांनी, म्हणजे या मुलाच्या वडिलांनी, दुकानाचे गोदाम वाढविण्यासाठी बुजविली होती. त्यावर कोणी काही बोलले नाही.

दिवा आणि ताट

आगुंब्याजवळच कुंदाद्रीचा डोंगर आहे. एकाच प्रचंड खडकासारखा, सुमारे आठशे मीटर उंचीचा. माथ्यावर भगवान पार्श्वनाथांचे मंदिर आहे, खडकात पाण्याची कुंडे आहेत. आचार्य कुंदकुंदांनी येथे तप केले अशी परंपरा आहे. डोंगराचे नावही त्यावरूनच आले असे सांगतात. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, मग थोड्या पायऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कुटुंब तेथे गेले. वर वारा होता आणि खाली सर्व दिशांना हिरवे रान. आजींनी कुंडाकाठी सामायिक केले.

उतरताना कुटुंबप्रमुखांच्या फोनला मुख्य रस्त्यापाशी क्षणभर संपर्क मिळाला आणि एका जुन्या ग्राहकाचा निरोप दिसला: देणे चुकते करतो, पण दरात सूट हवी. ते बेचैन झाले. दुपारी घरी पोहोचल्यावर त्यांनी यजमानांना विचारले आणि दोन किलोमीटरवरील एका उंच खडकाची वाट धरली, तेथे फोन लागतो म्हणून. बोलणे लांबले. परत येईपर्यंत अंधार पडला होता. डिसेंबरात तेथे सव्वासहाला सूर्य मावळतो आणि रानात त्याआधीच काळोख होतो. बाकीच्यांची जेवणे दिवसाउजेडी उरकली होती.

इचलकरंजीत दुकान बंद करून रात्री साडेनऊला जेवणे हा त्यांचा वर्षांनुवर्षांचा क्रम. आईंना तो पसंत नव्हता, पण त्यांनी बोलणे केव्हाच सोडले होते. यजमानांच्या पत्नीने पडवीत ताट वाढले आणि जवळ दिवा ठेवला. पावसाळ्याच्या मानाने कीटक कमी होते, तरी पाच मिनिटांत दिव्याभोवती पंखांचा गराडा पडला. पाकोळ्या, इवले हिरवे तुडतुडे, नाव न माहीत असलेले असंख्य जीव. एक भातात पडला. त्यांनी तो काढला. दुसरा आमटीत पडला. दिवा दूर सरकविला, तर ताटात काय आहे ते दिसेना. पुन्हा जवळ घेतला, तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी दिवा विझवला आणि काही वेळ अंधारात तसेच बसून राहिले. मग ताट झाकून आत नेऊन दिले आणि यजमानीणबाईंची क्षमा मागितली.

रात्रिभोजनत्यागावरील प्रवचने त्यांनी पुष्कळ ऐकली होती. बंद खिडक्या आणि पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या घरात ती पटत नव्हती. आता समजावून सांगायला कोणी नव्हते आणि गरजही नव्हती.

आईंनी खोलीतून विचारले, "जेवलास?"

"नाही. उद्या सकाळी," ते म्हणाले.

पाने अडकली तेव्हा

तिसऱ्या दिवशी पहाटे दिवे गेले. कुटुंबप्रमुखांचा फोन रात्रभर चार्जिंगला लावलेला, तो अर्ध्यावरच राहिला. अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली डिझेल जनरेटर होता, तो त्यांनी पाहून ठेवला होता. "जनरेटर लावा. डिझेलचे पैसे मी देतो," ते म्हणाले.

यजमान शांतपणे म्हणाले, "लावतो. पण आधी वर जाऊन पाहतो." आणि चौदा वर्षांच्या नातवाला हाक मारून ते टेकडी चढू लागले. बांधापाशी नळीच्या तोंडावर जाळी आहे. रात्रीच्या वाऱ्याने पाने येऊन ती लिंपून गेली होती. मुलाने गार पाण्यात हात घालून मूठमूठ पाने काढली. पानांवर एक लहान खेकडा होता, तो त्याने बाजूच्या दगडावर ठेवला. अर्ध्या तासात खाली दिवे लागले.

जनरेटरची कथा यजमानांनी परतल्यावर सांगितली. तीन वर्षांपूर्वी आलेल्या पाहुण्यांना केस वाळविण्याचे यंत्र चालवायचे होते, मोठा पडदा लावून सिनेमा पाहायचा होता. नाही म्हटले तर नाव खराब होईल, म्हणून कर्ज काढून जनरेटर घेतला. आता तो घरात कोणी आजारी असेल आणि ओढाही बंद असेल तरच लावतात. "पाहुणे म्हणतात, पैसे देतो," यजमान म्हणाले. "पण पैसे दिल्याने ओढ्याला पाणी वाढत नाही."

खोल्या भाड्याने देण्याची पाळी का आली, हेही व्यापारी कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे. ते दिवस सुपारीच्या हंगामाचे होते. पडवीत बायका विळीसारख्या पात्यावर हिरवी सुपारी सोलीत होत्या. अंगणात मोठ्या हंड्यांत ती उकळत होती. शिवमोग्ग्याच्या बाजारात राशी, बेट्टे, सरकू, गोरबलु अशा प्रतींनी तिची विक्री होते. मॅमकॉस ही तेथील बागायतदारांची मोठी सहकारी संस्था. परंतु दर कधी चढतो, कधी कोसळतो. पानांवरील ठिपक्यांचा रोग बागा खातो आहे. उंच झाडावर चढणारा माणूस मिळत नाही. मुले बंगळुरूत. बाग विकली तर घेणारे आहेत, पण ते रान तोडून जलतरण तलाव आणि हिरवळ करणार हे उघड आहे. दोन खोल्यांचे भाडे म्हणजे बाग न विकण्याचा खर्च, असा त्यांचा हिशेब.

या जीवनाचे नुसते गोडवे गाणेही योग्य नाही. बॅटऱ्यांत शिसे आणि आम्ल असते. त्या निकामी झाल्यावर नीट परत दिल्या नाहीत तर त्याच ओढ्याचे विष होते. चुलीचा धूर बायकांच्या डोळ्यांत जातो. आजारी माणसाला तीर्थहळ्ळीपर्यंत नेण्यास रात्रीच्या वेळी तासाहून अधिक लागतो. यजमानांच्या मातोश्रींना विचारले तर त्या स्पष्ट सांगतात की वीज आली तर त्यांना हवीच आहे.

आणि येथेच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ज्याला गरजेपोटी मर्यादा पडली, त्याने ती सोसली म्हणून तो व्रती ठरत नाही. तीन रात्रींपुरती पैसे देऊन मर्यादा विकत घेतलेला पाहुणा तर मुळीच ठरत नाही. परिग्रहपरिमाण आणि भोगोपभोगपरिमाण ही श्रावकाची व्रते आहेत, ती हाताशी सर्व काही असताना स्वतः आखून घेण्यासाठी. रानातील घर एवढेच करते की, रेषा कोठे ओढता येईल ते दाखवते. ओढण्याचे काम घरी परतल्यावरचे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

आगुंब्याला शिवमोग्ग्याहून तीर्थहळ्ळीमार्गे अथवा कोकण रेल्वेने उडुपीस उतरून जाता येते; उडुपीहून अंतर सुमारे ५५ किलोमीटर. मध्ये चौदा तीव्र वळणांचा आगुंबे घाट आहे. त्यातून अवजड वाहनांना परवानगी नाही, म्हणून मोठ्या यात्रा-बसने जाण्याचा बेत करू नये. उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात घाट मधूनमधून बंद होतो, जळवा फार असतात आणि पावलागणिक जीवहिंसा होते. चातुर्मासात विहार का थांबवितात हे तेथे जाणाऱ्याला लगेच कळेल. सोबत गाळणे, बॅटरी, नित्याची औषधे, अंग झाकणारे फिके कपडे आणि पुरेशी रोख रक्कम असावी. आहाराचे नियम आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट सांगावेत. रानात दुकान नसते. शक्यतो घरमालक स्वतः राहतात असेच घर निवडावे.

चौथ्या सकाळी कुटुंबाने घाट उतरून वरंग गाठले. तळ्याच्या मधोमध उभ्या असलेल्या केरे बसदीला नावेने जावे लागते. नावाडी वल्हे मारीत होता, कमळाची पाने बाजूला होत होती, आणि नेहमी घाईत असणारे कुटुंबप्रमुख पहिल्यांदाच फोन न काढता बसले होते. ग्राहकाचे प्रकरण इचलकरंजीत धाकट्या भावाने आदल्या दिवशीच मिटविले होते, आणि त्यांनी दिली असती त्याहून कमी सूट देऊन.

घरी परतल्यावर दोन गोष्टी घडल्या. दुकानाची वेळ बदलली नाही; पण संध्याकाळी पाच वाजता आता घरून डबा येतो आणि कुटुंबप्रमुख गल्ल्यामागे बसून जेवून घेतात. गिऱ्हाईक आले तर धाकटा भाऊ पाहतो.

दुसरी गोष्ट नातवाची. एका सकाळी त्याने वहीत घरातील उपकरणांची बेरीज मांडली. गीझर दोन हजार वॅट, इस्त्री एक हजार, रात्रीपासून चालू राहिलेला एसी दीड हजार. एकूण साडेचार हजार. त्याला सहाशेने भागले आणि वही आजींपुढे धरली.

"आज्जी, आपल्या घरी सकाळी साडेसात ओढे लागतात."

आजी गाळणे धूत होत्या. जिवाणी आजही मोरीतच जाणार होती, त्याला इलाज नव्हता. त्यांनी वहीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "एसी बंद कर. पाच राहतील."